ड्वेन स्टब्स हलणार नाही

ड्वेन स्टब्सला टीव्हीवर दाखवलं नसतं, तर आम्ही बुधवारी सकाळीच निघालो असतो. हे आधीच सांगून टाकते, कारण नंतर लोकांनी त्याच्या बायकोला, ग्लेंडाला, बोल लावला, काहींनी मलाही लावला, आणि एका बाईनं तर शहाऐंशी वर्षांच्या मिस ओटिलीलासुद्धा सोडलं नाही.

आमचा पेलिकन पॉइंट म्हणजे अमेरिकेत आखाताकाठच्या एका बेटाच्या दक्षिण टोकावरची चाळीस जागांची वसाहत. सगळी म्हाताऱ्यांची, सगळी चाकांवरची घरं. पण चाकं फक्त नावाला. कुणी चाकांभोवती गुलाब लावलेले, कुणी विटांचा कट्टा बांधलेला. माझ्या ट्रेलरला तर मुळात इंजिनच नव्हतं, आणि मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर मी गाडीही विकून टाकली होती. म्हणजे वादळ आलं की मी कुणाच्या तरी भरवशावर. ते ‘कुणी तरी’ म्हणजे शेजारचे स्टब्स नवरा-बायको.

ड्वेननं ओहायोत एकतीस वर्षं गॅरेजची दारं विकली. रिटायर झाल्यावर छत्तीस फुटी मोटारहोम घेतली आणि सगळ्या नातेवाइकांना सांगितलं, ‘आता उभी-आडवी अमेरिका बघणार.’ पहिला मुक्काम पेलिकन पॉइंट. तो अकरा वर्षं चालला. त्या अकरा वर्षांत त्यानं मोटारहोमला चिकटून लाकडी व्हरांडा बांधला, व्हरांड्याला छप्पर केलं, छपराला पंखा लावला आणि पंख्याखाली बसून तो येणाऱ्या-जाणाऱ्याला जगातल्या प्रत्येक विषयावरचं आपलं मत सांगू लागला. ग्लेंडा नर्स होती. बोलायची कमी. पण जे बोलायची, ते इंजेक्शन दिल्यासारखं.

बर्निस नावाचं चक्रीवादळ मंगळवारी आखातात शिरलं. टीव्हीवर नकाशा आला आणि नकाशावर वादळाच्या वाटेचा तो पांढरा पट्टा, शेपटीकडे निमुळता, तोंडाकडे रुंद. आमच्या वसाहतीत तो पट्टा वाचायची एक पद्धत होती. पट्ट्याच्या काठावर असलो, तर ‘आपण काठावर आहोत, आपल्याला काही होत नाही.’ आणि बरोबर मध्यावर असलो, तर ‘मधोमध दाखवतात ना, तिथे कधीच येत नाही.’ मंगळवारी दुपारी आम्ही मधोमध होतो, त्यामुळे सगळे निवांत होते.

ग्लेंडा सोडून.

‘ड्वेन, टायरांत हवा भर,’ ती म्हणाली. आम्ही तिघं व्हरांड्यात बसलो होतो.

‘अगं, हे वळणार. रात्रीतून वळणार बघ. मागचंही वळलं होतं.’

‘मागचं वळलं. त्याच्या मागचं आपल्या मागच्या आळीत घुसलं. हवा भर.’

‘आणि जायचं कुठे? छत्तीस फूट गाडी काय खिशात घालून नेणार? रस्त्यावर सगळं राज्य उतरणार. पेट्रोल पंपावर रांगा. वाऱ्यात उंच गाडी म्हणजे काय असतं माहितीये? पतंग!’

‘म्हणूनच वारा यायच्या आत जायचं.’

‘मार्वा, तू सांग हिला,’ ड्वेन माझ्याकडे वळला.

मी कसली सांगतेय! मला जायला गाडी त्यांचीच. मी म्हटलं, ‘हवा भरून ठेवायला काय हरकत आहे? न गेलो, तर टायर तरी खूश.’

कुरकुरत का होईना, त्यानं हवा भरली. नवी बॅटरी आणली. इंजिन सुरू केलं, तेव्हा मागच्या नळीतून काळा धूर आणि खारीचं एक घरटं असं दोन्ही बरोबरच बाहेर पडलं. संध्याकाळपर्यंत त्याचा सूर बदलला. स्वयंपाकघरातली भांडी त्यानं स्वतः टॉवेलांत गुंडाळली. ‘सकाळी नऊला निघू,’ म्हणाला. हा माणूस मुळात भित्रा. मी हे वाईट अर्थानं म्हणत नाही. भित्री माणसं जगतात. त्याचा घोटाळा एवढाच, की चार लोकांसमोर त्याला स्वतःचा भित्रेपणा आठवत नाही.

बुधवारी सकाळी आठला टीव्हीची व्हॅन आली.

बेटावर टीव्हीवाले आले की समजायचं, आता आपलं काही खरं नाही, हे इथल्या पोरासोरांनाही ठाऊक आहे. पण त्यांना हाकलत कुणीच नाही, उलट जो तो शर्ट बदलतो. ब्रिन नावाची बातमीदार होती. लख्ख ऊन पडलेलं, पान हलत नव्हतं, आणि ही बया रबरी रेनकोट घालून घामानं निथळत उभी. तिला वसाहतीतला एखादा माणूस हवा होता. ड्वेन कॉफीचा मग घेऊन व्हरांड्यात उभा होता. मागे मोटारहोम, छपराला झेंडा. कॅमेऱ्याला आणखी काय हवं?

‘आपणही निघण्याच्या तयारीत का?’ ब्रिननं विचारलं.

ग्लेंडा आत होती, शेवटची पिशवी भरत. मी पायरीवर उभी होते, माझी बॅग हातात. ड्वेननं कॅमेऱ्याकडे पाहिलं, आणि मला दिसलं की त्याची पाठ ताठ होतेय. पोट आत गेलं. हनुवटी वर आली.

‘बाई,’ तो म्हणाला, ‘ड्वेन स्टब्स इथून हलणार नाही. हलायचंच असेल, तर वादळाला हलू दे.’

झालं. दुपारपर्यंत सगळ्या देशानं ते वाक्य ऐकलं. ओहायोतून मुलीचा रडत फोन आला. नऊ वर्षं अबोला धरलेल्या धाकट्या भावाचा फोन आला, ‘दादा, मला तुझा अभिमान वाटतो.’ टेक्ससमधल्या कुणी तरी ते वाक्य छापलेले टी-शर्ट विकायला काढले. मैलभर लांबून लोक गाडी वळवून ‘हलणार नाऽही!’ असं ओरडायला गेटपाशी येऊ लागले, आणि ओरडून झालं की गाडी उलटी फिरवून पुलाच्या दिशेनं पळून जाऊ लागले.

‘आता कसं जाणार?’ ड्वेन ग्लेंडाला म्हणाला. ‘लोक काय म्हणतील?’

‘कुठले लोक? सगळे गेले.’

‘ते बघतायत.’

‘कोण?’

त्यानं आकाशाकडे हात केला. देवाकडे नव्हे. सॅटेलाइटकडे.

त्यानं किल्ली शर्टाच्या खिशात घातली आणि खिशाचं बटण लावलं. आमचा बुधवार असा गेला.

गुरुवारी सकाळी समुद्राचा रंग राखेसारखा झाला. वारा उठला. चाळीसपैकी सदतीस जागा रिकाम्या. उरलो आम्ही, मिस ओटिली, आणि एक मांजर, ज्याला मालक शोधून शोधून थकला आणि गेला. मिस ओटिलीचा श्वास मशीनवर चालायचा. वीज गेली की दोन तासांची बॅटरी, मग राम म्हणायचा. तिला नेणारी सरकारी गाडी येणार येणार म्हणत आलीच नव्हती. स्टब्सच्या मोटारहोममध्ये स्वतःचा जनरेटर होता.

दहा वाजता शेरीफच्या पोलीस खात्यातला डेप्युटी टेरेल आला. बेटावरच वाढलेला, चाळिशीला आलेला शांत माणूस. दोन दिवस झोपलेला दिसत नव्हता.

‘मिस्टर स्टब्स, उंच गाड्यांसाठी पूल एक वाजता बंद. बाकीच्यांसाठी चारला. त्यानंतर तुम्ही फोन केलात, तरी मी येऊ शकणार नाही. कुणीच येऊ शकणार नाही.’

‘टेरेल, मी शब्द दिलाय.’

‘हो, पाहिलं मी,’ टेरेल म्हणाला आणि त्यानं खिशातून एक जाड काळा मार्कर काढला. ‘मग एवढं करा. दंडावर नाव लिहा, जन्मतारीख लिहा आणि जवळच्या नातेवाइकाचा फोन लिहा. पाण्यानं जात नाही ही शाई. आम्हाला नंतर ओळख पटवायला सोपं जातं.’

तो हे एवढ्या सौजन्यानं म्हणाला, की पोस्टमन सही मागतोय असं वाटावं. ड्वेननं मार्कर हातात घेतला. टोपण काढलं, परत लावलं.

ग्लेंडानं मार्कर त्याच्याकडून काढून घेतला. ‘आण, मी लिहिते. तुझं अक्षर कुणाला लागत नाही.’ तिनं त्याची बाही वर केली. मोठ्या अक्षरांत लिहिलं, ‘ड्वेन स्टब्स’. तारीख लिहिली. मग थांबली. ‘नातेवाईक कोण लिहू?’

‘कोण म्हणजे? तू.’

‘मी कशी? मी तर इथे नसणार.’

‘म्हणजे?’

‘म्हणजे मी, मार्वा आणि मिस ओटिली निघालो. तू शब्द दिलायस, तू राहा. घर मात्र मी नेतेय.’

‘घर नेतेयस? मग मी राहू कुठे?’

‘व्हरांड्यात. तूच बांधलास ना.’

टेरेलनं तोंड फिरवलं. त्याचे खांदे हलत होते. ड्वेननं एकदा व्हरांड्याकडे पाहिलं, एकदा आभाळाकडे. मग आत गेला आणि पाना घेऊन आला. व्हरांडा गाडीला चौदा बोल्टांनी जखडलेला होता. त्यानं एकेक करून सगळे काढले. दोन गंजलेले होते, ते करवतीनं कापले. ‘तुझ्यासाठी काढून देतोय, माझं मी बघतो,’ असं दर बोल्टला म्हणत होता. ग्लेंडानं आणि मी मिस ओटिलीला खुर्चीसकट उचलून गाडीत बसवलं, मशीन लावलं. ते मांजर कुणालाही न विचारता आत जाऊन बसलं. त्यानं कुठला शब्द दिलेला नव्हता.

सव्वाबारा झाले. चौदावा बोल्ट निघाला. ड्वेननं खिशाचं बटण सोडलं, किल्ली बायकोच्या हातावर ठेवली, आणि मग दार बंद व्हायच्या आत तिच्या मागोमाग गाडीत शिरला.

‘पूल ओलांडेपर्यंत सोबत येतो,’ म्हणाला. ‘वाऱ्यात तुला एकटीला जमायचं नाही.’

ग्लेंडानं इंजिन सुरू केलं. आम्ही सगळे त्याला घेऊन जायलाच बसलो होतो.

गाडी गेटाच्या वळणावर आली आणि समोर टीव्हीची व्हॅन. ब्रिन. रेनकोटाला आता कुठे अर्थ आला होता.

‘थांब! थांब, थांब!’ ड्वेन ओरडला. ‘मागे घे.’

‘छत्तीस फूट मागे घेऊ? पाऊण तास उरलाय.’

त्यानं जिवाच्या आकांतानं इकडे तिकडे पाहिलं. मोटारहोमच्या मागच्या टोकाला पलंग असतो आणि पलंगाची फळी वर उचलली की खाली सामानाची पेटी असते. तिथे स्टब्स मंडळी हिवाळ्याच्या रजया ठेवायची. सहा फूट उंचीचा, सव्वादोनशे पौंडांचा तो माणूस फळी उचलून रजयांवर आडवा झाला आणि आतून म्हणाला, ‘मार्वा, बंद कर.’

मी बंद केली. मांजर वर जाऊन बसलं.

ब्रिननं खिडकीवर माइक धरला. वाऱ्यानं तिचे केस उभे राहिले होते. ‘मिसेस स्टब्स! तुम्ही निघालात! आणि ड्वेन?’

ग्लेंडानं दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले होते. ती खोटं बोलत नाही. उभ्या आयुष्यात तिनं पेशंटलाही कधी ‘दुखणार नाही’ असं सांगितलं नव्हतं.

‘तो जिथे असायला हवा, तिथे आहे,’ ती म्हणाली.

‘काही निरोप दिलाय?’

‘काही नाही. माणूस आपल्या शब्दावर पडून आहे.’

मिस ओटिलीला हसण्याची एवढी उबळ आली, की मशीन शिट्टी मारायला लागलं. ब्रिनला वाटलं, म्हातारी हुंदके देतेय. तिच्याही डोळ्यांत पाणी आलं आणि ते पाणी सगळ्या देशानं पाहिलं.

पुलावर गाडी दोनदा बाजूच्या लेनमध्ये फेकली गेली. ग्लेंडाचे हात पांढरे पडले होते. पलंगाखालून बारीक आवाज यायचा, ‘आला का पूल?’ आणि मी म्हणायचे, ‘अजून नाही.’ पूल संपून अर्धा तास झाला, तरी मी तेच म्हणत होते. ते मी का केलं, ते मला विचारू नका.

पाच तासांचा रस्ता बारा तासांत कापून आम्ही जॉर्जियातल्या एका गावी पोहोचलो. तिथे गुरांच्या प्रदर्शनाचं मैदान पळून आलेल्या गाड्यांसाठी उघडलं होतं. वीज होती, नळ होते, एक मोठी शेड होती आणि शेडमध्ये टीव्ही.

शुक्रवारी सकाळी आम्ही त्या टीव्हीवर आमची वसाहत पाहिली. म्हणजे वसाहत असायची ती जागा. पाणी, पाण्यात छपरं, एका छपरावर बगळा. माझा ट्रेलर दिसला नाही. तीस वर्षं शाळेच्या स्वयंपाकघरात राबून घेतलेलं ते घर. मी खुर्चीत बसून घेतलं. ग्लेंडानं माझ्या पाठीवर हात ठेवला आणि काढला नाही.

मग पडद्यावर ड्वेनचा फोटो आला. हातात कॉफीचा मग. खाली अक्षरं: ‘बेपत्ता’.

ड्वेन माझ्या शेजारीच उभा होता. टोपी डोळ्यांवर, काळा चष्मा. मैदानात आल्यापासून तो स्वतःचं नाव रॉजर सांगत होता.

‘फोन कर,’ ग्लेंडा हळूच म्हणाली.

‘लाइनी बंद असतील.’

‘लावून तर बघ.’

‘लावतो. जरा लोक पांगू दे.’

पण लोक पांगले नाहीत, उलट गोळा झाले. अलाबामाची एक धष्टपुष्ट बाई पुढे झाली आणि म्हणाली, ‘बंधूंनो, भगिनींनो, या शूर माणसासाठी आपण हात धरून प्रार्थना करू.’ साठ-सत्तर माणसांचा गोल झाला. त्या बाईनं ड्वेनचा हात धरला. दुसरा हात माझ्याकडे.

‘हे प्रभो,’ ती म्हणाली, ‘तुझा सेवक ड्वेन जिथे असेल, अंधारात, चिखलात, एकटा, तिथे त्याच्या शेजारी उभा राहा.’

‘आमेन,’ ड्वेन म्हणाला. मला वाटतं, त्याला खरंच त्या दुसऱ्या ड्वेनबद्दल वाईट वाटत होतं.

‘आणि त्याची पत्नी, जी त्याला टाकून निघून गेली,’ बाई म्हणाली, ‘तिलाही क्षमा कर.’

‘आमेन,’ ग्लेंडा म्हणाली.

मी तरी सांगायला हवं होतं. पण खरं सांगते, घर गेल्यानंतरच्या त्या दिवसात हसू येईल अशी तेवढी एकच गोष्ट माझ्याजवळ होती आणि ती मला सोडवत नव्हती.

शनिवारी दुपारी हसू आटलं. टीव्हीवर एक बोट दाखवली. बोटीत टेरेल आणि दोन स्वयंसेवक. बातमी अशी, की ड्वेन स्टब्सला शोधायला गेलेली बोट पाण्यात अर्धवट बुडालेल्या खांबावर आपटली आणि जोसाया नावाच्या स्वयंसेवकाचा हात मोडला. ‘तरीही शोध थांबणार नाही,’ असं टेरेल कॅमेऱ्याकडे न पाहता म्हणाला. तो खांब मी ओळखला. ड्वेननं बांधलेल्या व्हरांड्याचा होता.

ड्वेननं चष्मा काढला. मग शेडच्या बाहेर गेला आणि फोन लावत बसला.

तासाभरानं लाइन लागली. त्यानं फोनचा आवाज मोठा केला होता, त्यामुळे आम्हाला सगळं ऐकू आलं.

‘मी ड्वेन स्टब्स बोलतोय. मला शोधू नका. मी जॉर्जियात आहे.’

‘साहेब,’ पलीकडची मुलगी थकलेल्या आवाजात म्हणाली, ‘त्यांच्या नावानं आलेला हा पाचवा फोन. एकजण म्हणाला, ते त्याच्या स्वप्नात आले. एकजण म्हणतो, ते त्याच्या मासळीच्या दुकानात काम करतायत.’

‘अहो, पण मी खरा आहे!’

‘तेही म्हणाला होता एकजण.’

‘माझ्या दंडावर माझं नाव लिहिलंय!’

‘साहेब, लाइन मोकळी ठेवा. लोक अडचणीत आहेत.’

ड्वेन आमच्याकडे वळला. त्याचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता. ‘परत जाऊ,’ म्हणाला. आणि लगेच, ‘एक सांगायचं होतं. तिथे विचारलं, तर आपण म्हणू, की मिस ओटिलीला वाचवायला मला निघावं लागलं. म्हणजे, ते खोटंही नाही.’

मिस ओटिलीनं नाकावरची नळी सरळ केली. ‘ड्वेन, मला ग्लेंडानं आणलं. तू रजयांवर झोपला होतास. कुणाच्या थापा निस्तरायच्याच असत्या, तर नवरे काय कमी होते मला? तीन होते.’

रविवारी दुपारी आम्ही पुलाच्या अलीकडच्या चौकीवर पोहोचलो. पहारेकऱ्यानं ड्वेनचं ओळखपत्र घेतलं, यादी पाहिली, पुन्हा ओळखपत्र पाहिलं.

‘आत फक्त रहिवाशांना सोडतो.’

‘मी रहिवासीच आहे.’

‘नाही. तुम्ही बेपत्ता आहात.’

त्यावर दहा मिनिटं गेली. शेवटी त्यानं टेरेलला वायरलेसवर बोलावलं आणि टेरेल आम्हाला अलीकडच्या अग्निशमन केंद्रात घेऊन गेला. मला वाटलं होतं, तो आता ड्वेनच्या मुस्कटात मारेल. त्यानं फक्त एक कागद पुढे केला. ‘इथे सही करा. तुम्ही सापडलात असं आहे. सही शोधणाऱ्याची असते, पण आज तुमची चालेल.’

ड्वेननं सही केली. ‘टेरेल, मी...’

‘जोसायाला सांगा. तो हॉस्पिटलात आहे.’

केंद्राच्या कोपऱ्यात बाकावर एक नवरा-बायको बसले होते. पंचविशीचे असतील. अंगावर सरकारी चादरी, पायांच्या कातडीला सुरकुत्या पडलेल्या, पाण्यात फार वेळ राहिल्यासारख्या. टेरेलनं सांगितलं, तो एउसेबियो, ती निकोलासा. ग्वाटेमालाचे. आमच्या वसाहतीच्या मागे खेकडे सोलायचा कारखाना आहे, त्यात काम करायचे आणि कारखान्याच्याच खोलीत राहायचे. मी अकरा वर्षं तिथून खेकडे आणत होते. तिथे कुणी राहतं, हे मला ठाऊक नव्हतं.

‘निघायचा हुकूम यांना कळलाच नाही,’ टेरेल म्हणाला. ‘भोंग्यावरून सांगितलं ते इंग्रजीत. मालक मंगळवारीच निघून गेला. दोन रात्री कारखान्याच्या पत्र्यावर काढल्या. कुठल्याच यादीत नव्हते. मिस्टर स्टब्सना शोधत आम्ही तिसऱ्यांदा फेरी मारली, तेव्हा हिनं चादर हलवली.’

ड्वेनचा चेहरा उजळला. हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. ‘म्हणजे,’ तो म्हणाला, ‘मी टीव्हीवर तसं बोललो नसतो, तर तुम्ही तिकडे गेलाच नसता. म्हणजे एका परीनं...’

‘ड्वेन,’ ग्लेंडा म्हणाली.

‘नाही, बोलू द्या,’ टेरेल म्हणाला. ‘एका परीनं तसंच आहे. हे तुम्ही खुशाल सांगत फिरा. फक्त जोसायासमोर नको.’

निकोलासा मघापासून ड्वेनकडे टक लावून बघत होती. तिनं टेरेलला काही तरी विचारलं. टेरेलची बायको होंडुरासची, त्याला स्पॅनिश येतं. त्यानं उत्तर द्यायचं टाळलं. तिनं पुन्हा विचारलं.

‘काय म्हणतेय ती?’ ड्वेननं विचारलं.

‘विचारतेय, बोट ज्यांच्यासाठी आली होती, ते हेच का. आणि हे कोण आहेत? राज्याचे कुणी मोठे साहेब?’

ड्वेननं तिच्याकडे पाहिलं. मग म्हणाला, ‘सांग, नाही. गॅरेजची दारं विकायचो.’

टेरेलनं सांगितलं. निकोलासानं मान हलवली. तिला राग आला नव्हता. फक्त समजत नव्हतं, आणि तिला समजेल असं आमच्यापैकी कुणीच सांगू शकत नव्हतं.

तेवढ्यात ब्रिन आली. चौकीवरून बातमी फुटली असणार. ‘ड्वेन! जिवंत! तीस सेकंदांत आपण थेट दाखवतोय,’ म्हणत तिनं त्याला उजेडात ओढलं. मग तिची नजर बाकाकडे गेली. ‘हे कोण?’

‘वाचवलेले,’ टेरेल म्हणाला.

‘अरे वा! इंग्रजी बोलतात?’

‘नाही.’

‘ओह,’ म्हणून ब्रिननं माइक पुन्हा ड्वेनकडे नेला. ‘ड्वेन, सगळा देश ऐकतोय. पाणी चढत होतं, तेव्हा तुमच्या मनात काय होतं?’

मला त्याची पाठ दिसत होती. ती ताठ होते का, ते मी बघत होते. झाली नाही.

‘मी पलंगाखाली होतो,’ ड्वेन म्हणाला. ‘जॉर्जियात. म्हणजे पलंगाखाली पुलापर्यंत, मग जॉर्जियात. मी गुरुवारीच पळालो. माझ्यापायी एका भल्या माणसाचा हात मोडला. आणि ती दोघं पत्र्यावर दोन रात्री बसली होती, त्यांच्यासाठी कुणीच गेलं नव्हतं. त्यांना विचारा काय विचारायचं ते.’

ब्रिनचं हसू जागच्या जागी गोठलं. तिनं कानातल्या यंत्राला हात लावला, मग कॅमेऱ्याला म्हणाली, ‘या सगळ्या धक्क्याचा मनावर किती खोल परिणाम होतो, ते आपण पाहतच आहोत.’ आणि पुढची बातमी लागली.

त्यानंतर ड्वेनला शिव्यांचे फोन आले, ते प्रार्थनांपेक्षा जास्त होते. भावानं पुन्हा अबोला धरला. अलाबामाच्या त्या बाईनं चार पानी पत्र पाठवलं, त्यात ड्वेनला अर्ध्या पानात माफ केलं होतं आणि साडेतीन पानं ग्लेंडाला झोडपलं होतं. ड्वेन रोज हॉस्पिटलात जाऊन जोसायासमोर बसायचा. पहिले तीन दिवस जोसाया त्याच्याशी बोलला नाही. चौथ्या दिवशी त्यानं ड्वेनकडून स्वतःचं कुंपण दुरुस्त करून घेतलं. ते वाकडं झालं.

पेलिकन पॉइंट पुन्हा उघडला नाही. जमीन मालकानं विकली. मिस ओटिली भाचीकडे गेली, मांजर घेऊन. आम्ही बाकीचे पुलाअलीकडच्या गावातल्या चर्चच्या आवारात राहिलो. स्टब्सची मोटारहोम, शेजारी मदतीत मिळालेले दोन ट्रेलर, एकात मी, एकात निकोलासा आणि एउसेबियो. निकोलासा माझ्याकडून मक्याचा ब्रेड शिकली आणि तो माझ्यापेक्षा चांगला करायला लागली, हे मी कुणाला सांगितलेलं नाही.

मे महिन्यात ग्लेंडा एक दिवस म्हणाली, ‘जून आला, वादळांचे दिवस. पुन्हा मी एकटीनं बारा तास चालवणार नाही.’ आणि तिनं निकोलासाला ड्रायव्हरच्या जागी बसवलं. चर्चच्या मैदानात छत्तीस फुटी गाडी हळूहळू फिरू लागली. ड्वेन समोर उभा राहून दोन्ही हात हलवत ओरडत होता, ‘डावीकडे! अगं, डावीकडे! आता सरळ! ब्रेक!’ निकोलासाला त्यातलं अवाक्षर कळत नव्हतं. गाडी ती छान चालवत होती.